नाणं उभं, तरच सही

कंपनी चालू असते तेव्हा तिथून माल बाहेर पडतो. ती बसली की किस्से बाहेर पडायला लागतात. आमच्याकडे तर आता इतका स्टॉक साठलाय की गोडाऊन भाड्याने घ्यावं लागेल!

आमची कंपनी म्हणजे बडोद्याजवळ वाघोडियाच्या जीआयडीसीतली, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतली, टेबल फॅन बनवणारी. 'बनवणारी' हे जुन्या सवयीने लिहिलं. गेटवर बोर्ड अजून तोच आहे, पण आत पंखे बनत नाहीत, नुसते येतात आणि जातात. मी तिथे डिस्पॅच क्लार्क होतो. आडनाव दिघे. आता घराजवळच्या एका शाळेच्या बसेसचं रजिस्टर सांभाळतो. पंखे पाठवायचो, आता पोरं पाठवतो. पोरं निदान संध्याकाळी परत येतात!

दर गुरुवारी आमची टोळी सुभानपुऱ्यात सेव-उसळच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जमते. गुरुवारच का, तर कंपनीला गुरुवारी सुट्टी असायची. आता आपण कंपनीतच नाही तर कुठलाही वार चालेल की, असं मी एकदा म्हणालो. त्यावर हंसाबेननी प्लेटमध्ये आणखी तर्री ओतून घेतली. या आमच्या वाइंडिंग खात्यातल्या. तीस वर्षं मोटरच्या आत तार गुंडाळली त्यांनी. म्हणाल्या, "दिघेभाई, हवे तो रोज गुरुवार!" आता तर रोजच गुरुवार!

टोळी म्हणजे मी, हंसाबेन आणि लहरीपुऱ्यातले आमचे जुने डीलर मनुभाई. चौथे पवारमामा. पण मामा हल्ली येत नाहीत. हंसाबेन म्हणतात, त्यांना गुरुवारी सुट्टी मिळत नसेल. मनुभाई म्हणतात, या वयात तर्री सोसत नसेल. मी गप्प बसतो, कारण मला खरं कारण माहीत आहे. ते शेवटी सांगतो. त्या दोघांना अजून सांगितलेलं नाही.

*

दत्ताराम पवार हे मामांचं पूर्ण नाव. वडील रेल्वेत होते, बदली होऊन बडोद्याला आले आणि इथलेच झाले. मामा नक्की कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द कंपनीचे मालक, मोठे शेठ, त्यांना मामाच म्हणायचे.

मामांचं काम फायनल टेस्टिंग. टेबलावर मीटर होते, दिवे होते, त्यांचं सगळं झालं की मामा खिशातून पाच रुपयांचं ते जुनं, जाड नाणं काढायचे. पंखा तीन नंबरवर सोडायचा आणि त्याच्या बेसवर नाणं कडेवर उभं करायचं. मग मनात दहापर्यंत मोजायचं. नाणं उभं राहिलं तर पंखा पास. खोक्यात चिठ्ठी जायची, 'तपासले. ओके.' आणि खाली मामांची सही. नाणं पडलं तर पंखा उलट्या पावली आत.

एकदा राजकोटचा एक व्यापारी ट्रक गेटवर उभा करून घाई करायला लागला. मामा मान वर न करता म्हणाले, "शेठ, घाई तुम्हाला आहे. नाण्याला नाही!"

मोठ्या शेठच्या मुलीचं लग्न होतं. आहेरात द्यायला त्यांनी खास निळ्या रंगात पंखा करून घेतला. सगळा स्टाफ कौतुकाने बघायला गोळा झाला. मामांनी नाणं उभं केलं. चार म्हणेपर्यंत आडवं!

मोठे शेठ लाल झाले. "अरे मामा, मारा घरनो पंखो छे!" माझ्या घरचा पंखा आहे, म्हणे.

मामांनी पंख्याला नापास मालाची लाल रिबन बांधून तो आत पाठवला आणि म्हणाले, "घरनो छे एटले ज, शेठ." घरचा आहे म्हणूनच!

त्या दिवसापासून कंपनीत कुणी मामांशी वाद घातला नाही. मोठे शेठ जाईपर्यंत तरी नाही.

*

आता माझी हुशारी सांगतो.

सीझनला मामा दिवसभर चिठ्ठ्यांवर सह्या करायचे आणि संध्याकाळी मनगट शेकत बसायचे. सहीही साधी नव्हती. प काढायचा, मग त्याची शेपटी सगळ्या नावाला वळसा घालून परत पहिल्या अक्षरापाशी यायची, आणि खाली दोन टिंबं. बँकेतले लोकसुद्धा ती सही बघून चेक पुढे ढकलायचे, तपासायचे नाहीत.

मी म्हटलं, "मामा, सही छापूनच घेऊया की. चिठ्ठीवर तयार येईल."

तीन दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत! चौथ्या दिवशी डबा खाताना म्हणाले, "छाप. पण गठ्ठे माझ्या ड्रॉवरमध्ये राहतील आणि किल्ली माझ्या कमरेला. नाणं उभं राहिल्याशिवाय एक चिठ्ठी बाहेर निघणार नाही. दिघे, ती सही म्हणजे माझं अक्षर नाही. माझा शब्द आहे."

मी हो म्हणालो. छापखान्यातून पहिला गठ्ठा आला तेव्हा मामा चष्मा लावून एकेक चिठ्ठी बघत बसले. जिथे शाई फुटली होती, टिंब पुसट होतं, त्या सगळ्या बाजूला काढल्या आणि परत पाठवल्या. छापखान्याचा मालक फोनवर मला म्हणाला, "दिघेभाई, नोटा छापायला दिल्यात का?"

मला ते फार विनोदी वाटलं होतं. मी ते दहा जणांना सांगितलं. आणि एकगठ्ठा छापलं तर स्वस्त पडतं म्हणून पुढच्या वेळी चांगल्या दोन-तीन वर्षं पुरतील इतक्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. हुशार माणूस ना मी!

*

मग सुभानपुऱ्याच्या पुढे ते मोठं दुकान उघडलं. साबणापासून सायकलपर्यंत सगळं एका छताखाली, सगळ्यावर सूट, आणि आत एसी. आम्ही सगळे त्याला मॉलच म्हणतो.

पहिल्याच उन्हाळ्यात तिथे बाहेरच्या देशातून आलेला टेबल फॅन लागला. मनुभाई आमच्याकडून ज्या भावाने पंखा विकत घ्यायचे, त्याच्याहून कमी भावात तो तिथे गिऱ्हाइकाला मिळत होता!

मनुभाईंचं दुकान लहरीपुऱ्याच्या दरवाज्याजवळ. वडिलांच्या वेळेपासून आमचे पंखे विकायचे. ते पंधरा दिवस डोक्याला हात लावून बसले आणि मग त्यांना सुचलं. मॉलमधूनच पंखे घ्यायचे आणि आपल्या दुकानात विकायचे! पण मॉलमध्ये नियम होता, एका माणसाला दोनच पंखे. मनुभाई धंद्याला पक्के. त्यांनी अख्खं घर रांगेत उभं केलं. बायको, दोन्ही भाऊ, भावजया, साडू, आणि शेवटी व्हीलचेअरवर त्यांच्या आई, ऐंशी वर्षांच्या बा.

बिलिंगच्या मुलीने बांच्या मांडीवरचे दोन खोके बघितले आणि दोन-दोन पंख्यांचं काय करणार म्हणून हसून विचारलं, "बा, बे पंखानुं शुं करशो?"

बा म्हणाल्या, "एकनी हवा खाईश, बेटा. ने बीजाथी दुकान बंध करीश." एकाची हवा खाईन, दुसऱ्याने दुकान बंद करीन!

मनुभाई हा किस्सा स्वतःच सांगतात आणि स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसतात. दुकान बंद झालं तेव्हा बा नव्हत्या. बरंच झालं म्हणायचं.

*

मोठे शेठ गेल्यावर त्यांचे चिरंजीव नीलेशभाई खुर्चीत बसले होते. माणूस वाईट नाही. त्यांनी ठरवलं, मॉलशी भांडण्यापेक्षा मॉललाच माल द्यावा. मॉलचे एक परचेस ऑफिसर कंपनी बघायला आले. पांढरा शर्ट, टाय, हातात टॅब.

मामांनी त्यांना नाणं उभं करून दाखवलं. नाणं दहा काय, तीस मोजले तरी हललं नाही. ऑफिसर म्हणाले, "व्हेरी नाइस! पण अंकल, कस्टमर नाणं उभं करायला पंखा घेत नाही."

मग ते वाइंडिंगमध्ये गेले. तिथे अठरा बायका ओळीने बसून तांब्याची तार गुंडाळायच्या. तारेचे वेढे मोजायला यंत्रावर आकडा होता, पण हंसाबेन बोटाने चाचपून सांगायच्या, दोन कमी पडलेत. आणि दोनच कमी असायचे! ऑफिसरने टॅबवर हिशेब केला आणि विचारलं, "मावशी, यातले किती वेढे कमी करता येतील? भाव त्याशिवाय बसत नाही."

हंसाबेननी त्यांना खालून वरपर्यंत बघितलं. "साहेब, तमारा पेन्टमांथी केटला टांका ओछा करुं?" म्हणजे तुमच्या पँटचे किती टाके कमी करू?

अठराही बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ऑफिसरही हसले. जाता जाता त्यांनी नीलेशभाईंना बाजूला घेतलं आणि मोकळेपणाने सांगितलं की, या भावात तुम्ही बनवू शकणार नाही. कुणीच बनवू शकत नाही इथे. बनवू नका, आणा! तुमचं नाव लावा, आम्ही विकतो.

दोन महिन्यांत त्या अठरांपैकी सोळा घरी गेल्या. कुणी टिफिनवाल्याकडे पोळ्या लाटतंय, कुणी मॉलमध्येच डाळी पाकिटात भरतंय. हसणं त्यांना महागात पडलं असं मी म्हणत नाही. न हसत्या तरी जाणारच होत्या.

*

आमच्याकडे दसऱ्याला मशिनांची पूजा व्हायची. वाइंडिंग मशीन, प्रेस, ड्रिल, सगळ्यांना झेंडूच्या माळा, कुंकवाचे पट्टे, आणि फाफडा-जलेबी. त्या वर्षी दसरा आला आणि लक्षात आलं की पूजेला मशीनच नाही! प्रेस भंगारात गेलेला, वाइंडिंगची मशिनं कुणी तरी उचलून नेलेली. शेडमध्ये फक्त खोके, कंटेनरमधून आलेले, वर न वाचता येणारी अक्षरं. आमचं काम एवढंच की त्यावर आपलं स्टिकर लावायचं, टेप मारायची आणि मॉलला पाठवायचं.

ब्राह्मण ताट घेऊन उभा. "यजमान, यंत्र कुठे?"

नीलेशभाई इकडेतिकडे बघायला लागले. शेवटी हंसाबेननी पॅकिंग टेबलावरची टेपगन उचलली, पाटावर ठेवली, तिला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि हात जोडले. "माताजी, जे आवे ते चोंटाडता रहेजो!" म्हणजे येईल ते चिकटवत राहा!

सगळे हसले. ब्राह्मणाने आरतीसुद्धा केली. मामा मात्र आपल्या टेस्टिंग टेबलाला माळ घालून तिथेच उभे होते. ते टेबल तेवढं शिल्लक होतं, आणि कमरेला ती किल्ली.

दुसऱ्या दिवशी मामांनी कंटेनरचे पंखे टेबलावर घ्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. नाणं पडायचं, पंखा बाजूला. नाणं पडायचं, पंखा बाजूला. दुपारपर्यंत शेडमध्ये चालायला जागा उरली नाही! नीलेशभाई धावत आले. "मामा, यांची टेस्ट तिकडे झालीय!"

"तिकडे नाणं कुठलं होतं?" मामांनी विचारलं.

संध्याकाळपर्यंत एका पंख्यावर नाणं उभं राहिलं. एकाच! मामांनी ड्रॉवर उघडला, एक चिठ्ठी काढली, त्या खोक्यात घातली आणि ड्रॉवर बंद केला. नीलेशभाईंनी कपाळाला हात लावला. मला म्हणाले, "दिघेभाई, मी काय करू? मी शेठ कुठे राहिलोय? एकाचा माल दुसऱ्याच्या दारात टाकणारा हमाल आहे मी."

खोटं नव्हतं ते. पण दिवाळीच्या आत मामांचा सेंड-ऑफ ठरला.

*

सेंड-ऑफला समोसे होते, शाल होती, नारळ होता. आणि भेट म्हणून काय दिलं असेल? कंटेनरमधला पंखा! नीलेशभाईंच्या मनात काही नव्हतं, शेडमध्ये द्यायला दुसरं काही नव्हतंच. मामांनी सगळ्यांसमोर खोकं उघडलं, पंखा टेबलावर ठेवला, तीन नंबरवर सोडला आणि खिशातून नाणं काढलं.

नाणं दोनला पडलं, घरंगळत गेलं आणि नीलेशभाईंच्या खुर्चीखाली जाऊन थांबलं. त्यांनी वाकून उचललं. "मामा, तमारो सिक्को."

"राखो, शेठ. कंपनीने काम लागशे." ठेवा, कंपनीला उपयोगी पडेल.

नीलेशभाईंनी ते नाणं मुठीत धरलं. पंखा मामांनी वॉचमनला देऊन टाकला.

मग मामा माझ्यापाशी आले. कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "दिघे, ड्रॉवरमध्ये गठ्ठे आहेत. जाळून टाक. आजच."

मी म्हटलं, "जाळतो, मामा."

मी जाळले नाहीत. त्या दिवशी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नीलेशभाईंनी मला बोलावलं. मॉलवाल्यांना प्रत्येक खोक्यात तपासणीची चिठ्ठी हवी होती, ट्रक भरून उभा होता, नव्या छापायला वेळ नव्हता. "दिघेभाई, ते गठ्ठे आहेत ना?"

मी म्हटलं, "त्यावर मामांची सही आहे."

"सही कोण वाचतं!" नीलेशभाई म्हणाले. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "डिस्पॅचला उन्हाळ्यापर्यंत एक माणूस लागेलच मला."

मी किल्ली दिली. घरात मुलाच्या इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, हे खरं. पण तेवढं खरं सगळ्यांच्याच घरी होतं. मला लाज वाटली आणि मी किल्ली दिली, दोन्ही एकदमच झालं.

पुढच्या गुरुवारी लारीवर मामांनी विचारलं, "जाळलेस ना?"

"हो, मामा."

त्याच्या पुढच्या गुरुवारी परत विचारलं. मी परत हो म्हणालो. मग त्यांनी विचारायचं सोडलं. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

*

मध्ये जरा हलकं सांगतो.

लारीवर आम्ही शपथ घेतली होती. काय वाटेल ते होवो, त्या मॉलची पायरी चढायची नाही! मनुभाईंनी तर उसळीच्या प्लेटवर हात ठेवून शपथ घेतली.

होळीच्या आधी तिथे तेलावर सूट लागली. मी म्हटलं, आपण काही पंखा घेत नाही, तेल घेतोय. ट्रॉली घेऊन वळलो तर समोर हंसाबेन! ट्रॉलीत तेलाचा डबा, त्यावर त्यांनी पदर पसरलेला. मला बघून म्हणाल्या, "हुं तो खाली जोवा आवी'ती!"

"मीपण नुसतं बघायलाच आलो," मी म्हटलं.

दोघं बघत बघत बिलाच्या रांगेत गेलो. आमच्या पुढे एक माणूस टोपी डोळ्यांपर्यंत ओढून उभा. त्याच्या ट्रॉलीत तेलाचे चार डबे. हंसाबेननी मागून टोपी उचलली.

मनुभाई वळून म्हणाले, "मी शत्रूचा स्टॉक संपवतोय!"

स्वस्त मिळालं की आम्ही घेतो. लोकांनीही असंच म्हणून आमचा पंखा सोडला. त्या दिवशी आम्ही तिघं एकमेकांना बिलं न दाखवता घरी गेलो.

*

त्यानंतर मामाच मॉलमध्ये लागले! एक्स्चेंज काउंटरवर. लोक बिघडलेला माल परत आणतात, तो घ्यायचा, एवढंच काम. सूनबाईंचं दुसरं बाळंतपण आलेलं, मुलाची नोकरी कंत्राटी, घरी बसून चालण्यासारखं नव्हतं.

इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, "खराब माल ओळखता येतो का?"

मामा म्हणाले, "आयुष्यभर तेच केलं."

"पण इथे ओळखायचा नाही," त्या मॅडम म्हणाल्या. "माल उघडून बघायचा नाही, वाद घालायचा नाही. हसायचं, फॉर्म भरायचा, सही करायची आणि 'नेक्स्ट' म्हणायचं."

दोन दिवस ट्रेनिंग झालं. हसण्याचं! आरशासमोर उभं करून. मामांना हसू जमेना. ट्रेनर म्हणाला, अंकल, घरी आलेल्या पाहुण्यांना बघून हसता तसं. मामा म्हणाले, "आमच्याकडे पाहुणे खराब माल घेऊन येत नाहीत."

गणवेशाला खिसे नव्हते. नियम होता की कामावर सुटे पैसे जवळ ठेवायचे नाहीत. मामांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकच नाणं होतं, साहेब. तेही देऊन आलो."

हे सगळं मामा लारीवर सांगायचे तेव्हा आम्हाला हसून हसून ठसका लागायचा. 'नेक्स्ट' म्हणताना ते मान अशी काही करायचे की मनुभाई म्हणायचे, परत करून दाखवा! मामा परत करून दाखवायचे. त्या दिवसांत ते एकही गुरुवार चुकवायचे नाहीत. शिफ्ट बदलून यायचे.

*

आता शेवटचा. मागच्या उन्हाळ्यातला, दुपारचा.

मॉलमधून घेतलेली माझी इस्त्री दुसऱ्याच महिन्यात गार पडली. तोवर मलाही कंपनीने नारळ दिला होता. म्हटलं, काउंटरवर आपले मामाच आहेत, काम लवकर होईल. पिशवीत इस्त्री घेऊन गेलो.

माझ्या पुढे एकच बाई होत्या. वाघोडिया रोडवरून रिक्षाने आल्या होत्या, घामाघूम, कडेवर मूल घ्यावं तसं पंख्याचं खोकं. खोक्यावर आमच्या कंपनीचं स्टिकर होतं. मी ते ओळखलं आणि तिथून निघावं असं मनात आलं. पण मामांनी मला बघितलं होतं आणि लांबून मानही हलवली होती.

बाईंनी खोकं दाणकन काउंटरवर ठेवलं. "आठ दिवस पण ना चाल्यो! घरमां मांदा सासू छे." सासू आजारी, अंथरुणावर, आणि पंखा टेबलावरून हलत हलत खाली येतो म्हणे.

मामा ट्रेनिंगमधलं हसले. "बेन, फॉर्म भरी लईए."

"फॉर्म पछी!" फॉर्म नंतर म्हणत बाईंनी पर्समधून एक चिठ्ठी काढली आणि काउंटरवर आपटली. "आ जुओ. अंदर लखेलुं छे. तपासले, ओके. नीचे सही पण करी छे. आ माणसने बोलावो! मारे एने पूछवुं छे, एणे शुं तपास्युं!" ही सही करणाऱ्यालाच बोलवा, त्याने काय तपासलं ते त्यांना विचारायचं होतं.

मामांनी चिठ्ठी उचलली. चष्मा वर केला, परत खाली घेतला. छापखान्यातून आलेला पहिला गठ्ठा बघितला होता तितक्याच निवांतपणे ती बघितली. मागून पुढून. मग ती बाईंच्या समोर, सरळ करून, परत ठेवली.

माझ्या हातातली पिशवी खाली गेली. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांनी फॉर्म ओढला. नाव, बिलाचा नंबर, वस्तू. तक्रारीच्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'हलतो.' मागे सुपरवायझर येऊन उभा राहिला होता. फॉर्मच्या तळाशी रकाना होता, माल घेणाऱ्याची सही. मामांचं पेन तिथे थांबलं. बराच वेळ थांबलं. सुपरवायझर म्हणाला, "अंकल, लाइन है."

दुसरी कुठली सही मामांना येतच नव्हती. त्यांनी प काढला. त्याची शेपटी सगळ्या नावाला वळसा घालून परत प-पाशी आली. खाली दोन टिंबं.

बाईंनी फॉर्मची आपली प्रत घेतली. घडी घालता घालता थांबल्या. फॉर्म काउंटरवर ठेवला, त्याच्या शेजारी चिठ्ठी ठेवली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग मान वर करून मामांकडे.

"भाई," त्या हळूच म्हणाल्या, "आ तो..."

मामा हसले, शिकवलं होतं अगदी तसं. मग बाईंच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नेक्स्ट!"